स्वयंसेवकांची भरती

त्या रविवारी त्रयोदशी होती. हे मला ठाऊक नव्हतं, आयोजकांना ठाऊक नव्हतं, आणि अंधेरी-मालाडहून दोन बस भरून आलेल्या मंडळींसाठी तर तिथी म्हणजे आईच्या उपवासाचा विषय. वसईतल्या राजोडीच्या किनाऱ्यावर ही गोष्ट ठाऊक असलेला एकच माणूस होता. तो आडव्या पडलेल्या सुरूच्या बुंध्यावर बसून चहा पीत होता आणि त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

कार्यक्रम नऊचा. नऊला फ्लेक्स बांधायला सुरुवात झाली. सुतळी विसरली होती. ती आगाशीहून येईपर्यंत टी-शर्टवाटप उरकलं. 'मीडियम संपले' ही त्या सकाळची पहिली सामाजिक समस्या. मग 'आपण इथे का जमलो आहोत' यावर दोन शब्द झाले, ते दोन नव्हते. मग हातमोजे, मग गोण्या, मग 'सगळ्यांनी इकडे बघा'. हे सगळं आटोपून पावणेदहाला फौज वाळूत उतरायला निघाली, तर उतरायला वाळूच नव्हती. समुद्र सुरूंच्या मुळाशी येऊन उभा होता.

"भरतीचं कुणी बघितलं नव्हतं का?" एका मुलीने विचारलं.

"बघितलं ना," संयोजक म्हणाले. "या वेळी विक्रमी भरती झालीय. 84 जण."

बुंध्यावरच्या माणसाला आपण नाना म्हणू. वय, वाडी आणि आवाज तिन्ही त्या नावाला शोभतात. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. सदर लिहिणाऱ्याला हातमोजे घालावे लागत नाहीत, हा या धंद्याचा एक फायदा. नाना कपातला चहा संपवून म्हणाले, "आज तेरस. तेरसला पावणेदहाला भरती. हे नऊला आले."

हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, त्रयोदशीला पावणेदहा. ढोबळ आहे, पण आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या होड्या याच हिशेबावर निघाल्या. पूर्वी शाळेत पाऊणकी, निमकी, सवायकी घोकून घेत; कशासाठी ते मास्तर सांगत नसत, म्हणून पाढे गेले तेव्हा कुणी रडलं नाही. आता तर भरतीची वेळ मोबाइलवर मिनिटासकट मिळते. किनाऱ्यावर मोबाइल किमान 84 होते. माहितीचा दुष्काळ नव्हताच. कार्यक्रम रविवारी नऊला असतो आणि समुद्राने त्याप्रमाणे आपलं बघून घ्यायचं असतं, एवढंच.

टी-शर्टच्या पाठीवर छापलं होतं, 'ग्रामविकासाचे शिलेदार'. जरा पत्ता तपासून बघू. 3 जुलै 2009 रोजी वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि 53 गावं एकत्र मळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावं म्हणाली, आम्हाला गावच राहू द्या. मोर्चे निघाले, त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत हाच मुद्दा गाजला. 2011 साली सरकारने 29 गावं वगळायचं ठरवलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि 2024 साली सरकारनेच ठरवलं की नको, ती आतच बरी. ग्रामपंचायत गेली, तिच्यामागून ग्रामसभा गेली. बदल्यात नगरसेवक मिळाले म्हणावं, तर 2020च्या जूनमध्ये त्यांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं निवडणूकच झाली नाही, कारभार प्रशासकाकडे राहिला. थोडक्यात, राजोडीचा माणूस सरकारदरबारी शहरी आणि शनिवार-रविवारी ग्रामीण. घरपट्टी भरताना तो नागरिक, टी-शर्टवाल्यांसमोर तो लाभार्थी. मोहिमेच्या फॉर्मात 'ग्रामपंचायतीचे नाव' हा रकाना होता, पुढे लाल चांदणीसकट, म्हणजे भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. कुणीतरी 'राजोडी' असं भरून टाकलं. जे काम मोर्च्यांना जमलं नाही ते एका रकान्याने केलं. गावाला त्याची ग्रामपंचायत परत मिळाली.

तर वाळू पाण्याखाली गेली. आता 84 जणांचं करायचं काय? संयोजन समितीची उभ्या उभ्या बैठक झाली आणि वरच्या अंगाची साफसफाई करायचं ठरलं. सुरूंच्या लगत, भरतीच्या रेषेच्या जरा वर वाळूचा उंचवटा असतो आणि त्यावर एक वेल पसरलेली असते. आपट्यासारखी दुभंगलेली जाड पानं, जांभळी फुलं, आणि लांबी इतकी की एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक शोधावं लागतं. तिच्यात दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, एकेकटी चप्पल असं सगळं अडकतं, म्हणून ती स्वतःच कचरा वाटते. मंडळींनी ती उपटायला घेतली. उपटायला मजा येते, खोटं कशाला बोलू. टोक धरून ओढलं की पेऱ्यापेऱ्याला मुळं तुटत सरसर निघते. दोन पोरांनी तिची रस्सीखेच केली. व्हिडिओ झकास आला.

तिचं नाव मर्यादवेल. नाव ठेवणाऱ्याला काही कळत होतं. पेऱ्यापेऱ्याला मुळं सोडत ती सरकती वाळू बांधून ठेवते, वाऱ्यावर उडालेली वाळू तिच्यात अडते, उंचवटा वाढतो आणि उधाणाची लाट तिथे येऊन दम टाकते. इथवर समुद्र, इथून पुढे आम्ही, अशी ती हद्द आहे. राजोडी, कळंब, भुईगाव, अर्नाळा या सगळ्या पट्ट्यात किनारा खचतो आहे आणि दर पावसाळ्यात सुरू उन्मळून पडतात. नाना ज्याच्यावर बसले होते तो त्यांतलाच एक. सुरू मुळात परका, लागवड करून इथे आणलेला. मर्यादवेल घरची. पण परका पडला की त्याच्याशेजारी उभं राहून लोक सेल्फी काढतात. घरची उपटली तर 'आधी' आणि 'नंतर' या दोन फोटोंमधला फरक ठसठशीत दिसतो, आणि मोहिमेला फरकच तर दाखवायचा असतो.

नाना उठले. "पोरांनो, तेवढी वेल राहू द्या."

"काका, तुम्ही बसा," एक शिलेदार अत्यंत प्रेमाने म्हणाला. "आम्ही करतो."

ग्रामविकासाचा आजवरचा इतिहास इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितला नव्हता.

पोरगा वाईट नव्हता. त्याने नानांना बिस्किटाचा पुडा दिला, टोपी दिली, निघताना वाकून नमस्कारही केला. रविवारी सकाळी अंथरूण सोडून कुणाच्या तरी किनाऱ्यावर राबायला येणाऱ्या पोरांची टिंगल करायला फारसं काही लागत नाही. मी गेली कित्येक वर्षं ती करून पोट भरतो आहे. तेव्हा जरा स्वतःकडेही बोट दाखवतो.

राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास सेवा आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. कॉलेजात असताना आमचं शिबिर जव्हारकडच्या एका पाड्यावर झालं. कार्यक्रमपत्रिकेत शोषखड्डा होता. जागा ठरवून आम्ही टिकाव उगारला तर पाड्यावरचे एक आजोबा म्हणाले, "जरा सरकून खणा. इथं मागच्या वर्षीच्या पोरांचा आहे." आम्ही सरकून खणला. पुढच्या वर्षीची पोरं आणखी सरकली असणार. पाडा मोठा होता, अजून बरीच वर्षं पुरेल. शाळेच्या भिंती रंगवल्या. रंगाखाली रंग होता, त्याखाली आणखी एक होता. छप्पर गळत होतं, पण छप्पर आमच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं आणि शिबिर हिवाळ्यात होतं. रात्री पथनाट्य, हुंड्याविरुद्ध. पाडा वारल्यांचा, आणि वारली समाजात हुंडा नाही. तिथे मुलाकडच्यांनी मुलीकडे देज द्यायचं असतं. पाड्याने नाटक मन लावून पाहिलं आणि नंतर शेकोटीपाशी आमच्या आईबापांबद्दल हळहळ व्यक्त केली. शेवटच्या दिवशी एका बाईने पोराच्या जातीच्या दाखल्याचा फॉर्म पुढे केला. भरून द्याल का म्हणाली. समारोपाचे पाहुणे आले होते, गडबड होती. मी म्हटलं, बघतो. अजून बघतोच आहे.

आमचे 240 तास भरले. प्रमाणपत्र माळ्यावरच्या ट्रंकेत आहे.

इकडे राजोडीत मोहिमेचा दुसरा टप्पा सुरू झाला होता: गावाच्या गरजांचं सर्वेक्षण. विकास हल्ली गावाने स्वतः करायचा असतो, बाहेरच्यांनी फक्त साथ द्यायची, असं नवं शास्त्र आहे आणि शास्त्र चांगलं आहे. त्यासाठी गावाला काय हवं ते गावाला विचारलं पाहिजे. विचारण्यासाठी टॅब आणला होता. भरतीचा प्रश्न विचारणारी तीच मुलगी टॅब घेऊन नानांपाशी आली. पर्याय पाच: स्वच्छता, वृक्षारोपण, महिला सक्षमीकरण, डिजिटल साक्षरता, इतर. एकूण, गावाला जे हवं त्यातलं चार पंचमांश आधीच ठरलं होतं.

नानांनी 'इतर'वर बोट ठेवलं. मुलीने लिहून घ्यायला सुरुवात केली. नाना सावकाश सांगू लागले: वाडीच्या खालच्या अंगाला कुणीतरी भराव टाकलाय. पूर्वी पावसाचं पाणी तिथून जायचं, आता वाडीत तुंबतं. केळी कुजल्या. अर्ज दिलाय. पुढे काय झालं ते विचारायला कचेरीत जायचंय. एकट्याने गेलं की आत घेत नाहीत, कुणी शिकलेलं बरोबर असलं की बसायला खुर्ची देतात. तर मंगळवारी कुणी याल का?

"काका, यात इतकं बसत नाहीये," मुलगी ओशाळून म्हणाली. "साठच अक्षरं घेतं."

"मग 'भराव' लिही," नाना म्हणाले.

अहवालात हे कसं आलं तेही सांगून टाकतो, म्हणजे उत्सुकता नको. रंगीत गोल चित्र होतं. हिरवा मोठा तुकडा वृक्षारोपण, निळा स्वच्छता. 'इतर' म्हणजे करड्या रंगाची एक रेघ. दिसायला चष्मा लागतो.

साडेबाराला बस सुटल्या. गोण्या रस्त्याकडेला नीट रचून ठेवल्या होत्या. त्यांच्यामागे उभं राहून शेवटचा फोटो झाला. आता त्या महापालिकेच्या गाडीने उचलायच्या आणि रेल्वे ओलांडून पार पूर्वेला, गोखिवऱ्याच्या कचराभूमीवर न्यायच्या. गाडीला कुणी सांगितलं होतं? संयोजकांना वाटलं गावाने सांगितलं असेल. गावाला वाटलं संयोजकांनी. कुत्र्यांना मात्र कुणी सांगायची गरज पडली नाही. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गोण्या फुटल्या होत्या आणि रात्रीच्या भरतीने आपला माल आपण ओळखून परत नेला. त्यात गावच्या घरांतला कचरा किती होता, असं नानांना विचारलं. ते म्हणाले, "गावात थर्माकोलच्या ताटात कोण जेवतं?" ती ताटं रिसॉर्टवर टेम्पो भरून येणाऱ्यांची, बाटल्याही त्यांच्याच. उरलेलं मुंबईने खाड्यांत सोडलेलं, समुद्राने हिंडवून आणलेलं. म्हणजे मुंबईकरांनी राजोडीला येऊन मुंबईचाच कचरा उचलला आणि राजोडीला स्वच्छतेचं महत्त्व पटवून दिलं.

दुपारी नानांनी मला वाडीवर नेलं. दोन्ही बाजूंना केळी, मध्ये पाट, कुंपणाला जास्वंद. मोगऱ्याच्या ओळी सकाळीच खुडून झाल्या होत्या. इथली फुलं आणि भाज्या पहाटेच्या विरार लोकलने टोपल्यांतून मुंबईला जातात, टोपलीवाल्या बाया दाराशी पाटी टेकवून बसतात, आणि त्यांना 'आत सरका' म्हणणाऱ्यांत पुढेमागे स्वयंसेवक होणारेही असतातच. वाडीच्या कोपऱ्यात बावखल.

वसईबाहेरच्यांसाठी सांगतो: बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. विहीर नव्हे, तलाव नव्हे, दोहोंच्या मधलं. एका अंगाने उतार, पायांनी पाण्यापर्यंत जाता यावं असा. पूर्वी शेजारी रहाट असे आणि बैल गोल गोल फिरत. पावसाचं पाणी बावखलात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि खाली गोड्या पाण्याचा दाब राहतो. तो आहे तोवर समुद्राचं खारं पाणी आत सरकत नाही. मैलभरावर अरबी समुद्र असताना इथे केळी आणि पानवेली पिकतात, त्यामागची करामत ही. बावखल बुजवलं की दोन गोष्टी होतात. पावसात अंगण भरतं आणि उन्हाळ्यात विहीर खारट होते. भूखंड मात्र झकास सपाट मिळतो, त्यामुळे बरीच बुजली.

नानांचं बावखल निम्मं जलपर्णीने झाकलेलं होतं, उरलेल्या निम्म्यात एक खंड्या ध्यान लावून बसला होता. दर उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की आळीतली पोरं ते उपसतात. एक चर्चगेटच्या बँकेत आहे, तो रजा टाकतो. एकाची रिक्षा आहे, ती दोन दिवस बंद. एक चर्चच्या क्वायरमध्ये गातो, एक भजनी मंडळात पेटी वाजवतो. गाळात उतरल्यावर दोघंही एकाच सुरात शिव्या देतात. घमेल्यांची रांग लागते, गाळ केळींच्या बुंध्याशी जातो, तो सोन्यासारखा. दुपारी भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचं बावखल. गिरीजच्या बाजूलाही पोरांनी अशी बावखलं साफ करायला घेतली.

"म्हणजे हे सगळे स्वयंसेवक," मी वहीत लिहिता लिहिता म्हणालो.

"नाही रे," नाना म्हणाले. "शेजारी आहेत."

मराठीत या प्रकाराला शब्द होते. सावड होती, इर्जिक होती: आज तुझ्या रानात सगळ्यांचे बैल, उद्या माझ्या. त्यात देणारा कोण आणि घेणारा कोण हे सांगता येत नसे, त्यामुळे आभारप्रदर्शन कुणी कुणाचं करायचं हा पेच पडायचा आणि ते राहूनच जायचं. फ्लेक्स लावायचा तर नाव कुणाचं टाकणार?

याच राजोडीशेजारच्या नंदाखालमध्ये जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची वसईकरांना मी ओळख करून द्यायची गरज नाही. 'सुवार्ता'चे संपादक, 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. जुलै 2024 मध्ये गेले. पण इथल्या वाड्यांमध्ये त्यांचं नाव निघतं ते हरित वसई संरक्षण समितीमुळे. 1980चं दशक संपत आलं होतं, हिरव्या पट्ट्यावर इमारतींची नजर पडली होती आणि विहिरींचं पाणी टँकर भरभरून चाललं होतं. तेव्हा रस्त्यावर उतरलेली माणसं कुणाच्या विकासात सहभागी व्हायला आली नव्हती, आपल्याच विहिरीचं पाणी राखायला आली होती. शेतकरी, बायका, पाद्री, मास्तर. बिल्डर आणि गुंड यांच्यासमोर उभं राहायचं म्हणजे काय, ते त्या काळातली वसई आठवणाऱ्यांना विचारा. प्रमाणपत्र कुणालाच मिळालं नाही. काहींना पोलीस केस मिळाली.

बाहेरच्याने यायचंच नाही, असं मात्र माझं म्हणणं नाही. तसं असतं तर महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या पाहुण्या स्वयंसेवकाचं काय करायचं? गाडगेबाबा कुठल्याही गावात बाहेरचेच. येत आणि कुणाशी न बोलता रस्ता झाडायला लागत. पण खराटा स्वतःच्या हातात, आणि सकाळी गाव झाडल्यावर रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत. उत्तरं लोकांनी द्यायची. पाया पडायला येणाऱ्याच्या पाठीत काठी. हा शेवटचा मुद्दा आजच्या समारोपाच्या कार्यक्रमात कुठे बसवायचा, याचा विचार संयोजकांनी करावा.

किंवा गडचिरोलीतलं मेंढा-लेखा घ्या. 2009 साली 1,800 हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवणारं गाव. तिथेही बाहेरचे होतेच. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा माणूस वर्षानुवर्षं त्या गावाबरोबर राहिला. पण रीत अशी की बाहेरच्याने अभ्यासगटात बसायचं, माहिती सांगायची, वाद घालायचा. निर्णय ग्रामसभेचा, तोही बहुमताने नाही, सगळ्यांच्या सहमतीने. एकाने मान हलवली नाही तर पुन्हा बैठक. आमच्याकडच्या एखाद्या समन्वयकाला तिथे पाठवला तर तिसऱ्या बैठकीला त्याला ताप भरेल. पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेतही क्रम तोच होता: गावाने आधी ठरवायचं, शिकायचं, खणायला लागायचं, शहरातले जलमित्र नंतर, गाव सांगेल त्या चरावर. पाहुण्याने आल्यावर यजमानाचं घर कसं लावावं हे ठरवायचं नसतं, हे आपल्याकडे लहान पोरालाही सांगून ठेवलेलं असतं. टी-शर्ट घातला की विसरायला होतं.

आता ती टॅबवाली मुलगी.

मंगळवारी ती आली. टी-शर्टाशिवाय, त्यामुळे नानांनी आधी ओळखलंच नाही. विरारला उतरून रिक्षाने आगाशी, तिथून दुसरी रिक्षा. ऑफिसला काय सांगून आली ते मी विचारलं नाही. आजारी असल्याचं सांगितलं असावं, कारण समाजसेवेची रजा रविवारीच मिळते. दोघं कचेरीत गेले. साहेब दौऱ्यावर. पुढच्या मंगळवारी पुन्हा. साहेब होते, फाइल दौऱ्यावर. तिसऱ्या मंगळवारी फाइल सापडली तेव्हा कळलं की नानांच्या अर्जावर आवक क्रमांकच पडलेला नव्हता. म्हणजे कागदोपत्री नानांनी तक्रारच केलेली नव्हती आणि पाणी आपखुशीने वाडीत तुंबत होतं. मुलीने तिथेच बाकावर बसून नवा अर्ज लिहिला. नानांनी सांगितलं, तिने लिहिलं. 'भराव' हा शब्द सात वेळा आला आणि अक्षरांची काही मर्यादा नव्हती. शिक्का घेतला, क्रमांक घेतला, दुसऱ्या प्रतीवर सही घेतली. तीन मंगळवार, बारा रिक्षा, एक शिक्का. मी हिशेब मांडून पाहिला, 240 तासांत याला कुठल्या शीर्षकाखाली टाकतात ते सापडलं नाही.

भराव अजून तिथेच आहे. नाना म्हणतात, पावसाच्या आत हलला तर ठीक, नाहीतर परत जाऊ. 'जाऊ' म्हणाले, पूर्वी 'जाईन' म्हणायचे.

बावखल उपसायला येते म्हणालीय. नानांनी तिला आधी विचारलं, पोहता येतं का. नाही म्हणाली. मग तिला घमेल्यांच्या रांगेत वर, चढाच्या टोकाला उभं करायचं ठरलं. पेटीवाल्याच्या मते तिला गाळात पाय टाकायला तरी लावलाच पाहिजे, त्याशिवाय कालवणाला चव येत नाही.

उपटलेल्या मर्यादवेलीचं म्हणाल तर दोन टोकं राहिली होती. एक सुरूच्या मुळाशी, दुसरं नाना बसतात त्या बुंध्याखाली. गेल्या आठवड्यात त्या दुसऱ्याला नवं पान फुटलंय. नाना त्याच्यावर टोपी ठेवून जातात, मोहिमेत मिळालेली. उन्हासाठी नाही, कुणी उपटू नये म्हणून.

परवा माझ्या मोबाइलवर निरोप आला. मागच्या मोहिमेच्या प्रचंड यशानंतर चार आठवड्यांनी येणाऱ्या रविवारी राजोडीत पुढची मोहीम. सकाळी ठीक नऊ वाजता. सर्वांनी वेळेवर यावे. खाली हात जोडलेल्यांची रांग आणि तीन हिरवी रोपटी. मी तो नानांना वाचून दाखवला.

"तिथी कुठली?" नानांनी विचारलं.

मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट फिरवलं. "द्वादशी."

नानांनी पाऊणकी मनातल्या मनात म्हटली आणि कप खाली ठेवला.

"येऊ देत. समुद्रसुद्धा ठीक नऊलाच येणार आहे."